‘मेसॉन’ शब्दाची कुळकथा

१९३९ सालच्या फेब्रुवारी महिन्याच्या १८ तारखेस लंडनच्या ‘नेचर’ या साप्ताहिकात एक छोटेसे पत्र प्रसिद्ध झाले. पत्रलेखक मुंबईचा, एकोणतीस वर्षांचा तरुण होता. तो त्या वेळी केंब्रिजमध्ये संशोधन करीत होता आणि त्याचे नाव होमी जहांगीर भाभा. पत्राचा विषय अणुगर्भातील बलांच्या सिद्धान्तातून निघणारी एक मूलभूत लांबी हा आहे. त्यातील गणित बहुतेक श्रोत्यांच्या आवाक्याबाहेरचे आहे, आणि एम. ए. ला संस्कृत घेतलेल्या माझ्यासारख्या सरकारी नोकराच्या तर खासच. परंतु त्याच पत्रात दोनतीन वाक्ये अशी आहेत की, ती समजण्यास गणित लागत नाही, व्याकरण पुरते. एका नव्याने सापडलेल्या कणाला अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी ‘मेसोट्रॉन’ असे नाव दिले होते. भाभांचे म्हणणे असे की, या शब्दातील ‘ट्र’ हे अक्षर फाजील आहे. ‘मध्य’ या अर्थाच्या ग्रीक ‘मेसो’ या मुळात ते नाही. तेव्हा त्या कणाला ‘मेसॉन’ म्हणणे अधिक तर्काला धरून होईल आणि शब्दही आखूड होईल. पत्राच्या शीर्षकातही त्यांनी ‘मेसोट्रॉन’ लिहून पुढे कंसात ‘मेसॉन’ घातले होते.

आज इंग्रजीपासून रुमानियनपर्यंत आणि मराठीतदेखील हा कण ‘मेसॉन’ या नावानेच ओळखला जातो. रुमानियन लोक ‘मेझॉन’ म्हणतात, एवढाच काय तो उच्चाराचा फरक. शब्द टिकला. तो घासूनपुसून नीट करणाऱ्याचे नाव मात्र लोकप्रिय कथांतून गळून पडले. ते कसे, हे पाहण्यापूर्वी त्या कणाची आणि त्या आगंतुक ‘ट्र’ची हकिकत सांगितली पाहिजे.

जपानमधील ओसाका येथे हिदेकी युकावा यांनी १९३५ मध्ये एक सिद्धान्त मांडला. अणुगर्भातील कण एकमेकांस इतके घट्ट कसे चिकटून राहतात, याचे उत्तर शोधताना त्यांनी असे भाकीत केले की, इलेक्ट्रॉनच्या सुमारे दोनशे पट वजनाचा एक कण असला पाहिजे. प्रोटॉन इलेक्ट्रॉनच्या १८३६ पट जड असतो. म्हणजे हा अपेक्षित कण धड हलका नाही आणि धड जडही नाही, असा मधलाच ठरत होता. दीडदोन वर्षांतच कॅलिफोर्नियात कार्ल अँडरसन आणि सेथ नेडरमायर यांना आकाशातून येणाऱ्या वैश्विक किरणांत जवळजवळ तेवढ्याच वजनाचा कण आढळला. भाकीत खरे ठरले, असा सर्वांचा समज झाला. तो समज चुकीचा होता. पण त्याविषयी पुढे.

मूल जन्मास आले, तरी बारसे लांबले. कोणी त्यास ‘जड इलेक्ट्रॉन’ म्हणे, कोणी ‘बॅरिट्रॉन’, तर कोणी युकावांच्या नावावरून ‘युकॉन’. शेवटी अँडरसन व नेडरमायर यांनी आपल्या अपत्याचे नाव आपणच ठेवावे असे ठरविले आणि ‘मेसोटॉन’ हा शब्द सुचविणारे टिपण ‘नेचर’कडे धाडून दिले. त्यांच्या संस्थेचे प्रमुख रॉबर्ट मिलिकन त्या वेळी परगावी होते. परत आल्यावर त्यांनी टिपणाची प्रत पाहिली आणि त्यांना ते नाव पसंत पडले नाही. इलेक्ट्रॉन पाहा, न्यूट्रॉन पाहा, दोहोंत ‘र’ आहे, तेव्हा यातही तो हवाच, असा त्यांचा आग्रह पडला. मग प्रोटॉनचे काय, असे अँडरसन यांनी विचारून पाहिले. परंतु अखेर ‘र’ घालण्याविषयी ‘नेचर’ला तार गेली आणि १९३८ च्या नोव्हेंबरात ‘मेसोट्रॉन’ छापले गेले. ही हकिकत अँडरसन यांनीच पुढे आपल्या आठवणींत सांगितली आहे. कचेरीत उमेदवारी केलेल्यांना ती काही अपूर्व वाटावयाची नाही. मसुदा कनिष्ठांनी करावा आणि वरिष्ठांनी त्यात एक अक्षर घालून तो सुधारल्याचे समाधान मिळवावे, हा प्रघात पॅसाडेनातही होता इतकेच.

मिलिकन हे नोबेल पारितोषिक मिळविलेले थोर प्रयोगवेत्ते होते. तथापि त्यांनी शब्दांची केवळ शेपटे पाहिली, मुळे पाहिली नाहीत. ती पाहू गेले असता काय दिसते? ‘इलेक्ट्रॉन’ हा मुळात अखंड ग्रीक शब्द आहे. त्याचा अर्थ एक पिवळसर, पारदर्शक, खड्यासारखा दिसणारा पुरातन वृक्षांचा गोठलेला चीक. तो घासला असता गवताच्या काड्या ओढून घेतो. आपल्याकडे त्यास ‘तृणमणी’ असे सार्थ नाव आहे. विद्युत्‌शक्तीचा पहिला गुण ज्यात माणसाच्या नजरेस आला, त्याच्या नावावरून इंग्रजीत विजेचे नाव आले, आणि १८९१ मध्ये जॉन्स्टन स्टोनी यांनी विद्युत्‌भाराच्या मूळ परिमाणास ‘इलेक्ट्रॉन’ म्हटले. तेव्हा त्यातील ‘ट्र’ तृणमण्याच्या घरचा आहे.

‘न्यूट्रॉन’ची गोष्ट निराळी. त्याचे मूळ ग्रीक नसून लॅटिन आहे. ‘न्यूटर’ म्हणजे दोहोंपैकी एकही नव्हे असा. यातील पहिला अवयव आपला ‘न’ आणि दुसरा संस्कृतातील ‘कतर’ शब्दाचा सख्खा भाऊ. ‘कतर’ म्हणजे दोहोंपैकी कोणता? त्यातील ‘तर’ हा ‘उच्चतर’, ‘गुरुतर’ यांतलाच दोहोंची तुलना दाखविणारा प्रत्यय आहे. धन नाही आणि ऋणही नाही अशा कणाला याहून नेमके नाव सापडणे कठीण. म्हणजे न्यूट्रॉनमधील ‘ट्र’ हा आपल्या ‘तर’चा परदेशी सोयरा, आणि तो तेथे अर्थासाठी बसलेला आहे. ‘प्रोटॉन’ मात्र निर्भेळ ग्रीक. रदरफर्ड यांनी १९२० च्या सुमारास हे नाव दिले, त्याचा अर्थ ‘पहिले’. त्यात ‘ट्र’ नाही, कारण तो असण्याचे कारणच नाही. अँडरसन यांनी मिलिकनना दाखविलेले उदाहरण बिनतोड होते.

ग्रीक भाषेत ‘ट्रॉन’ असा एक स्वतंत्र प्रत्यय आहे, हेही येथे नमूद केले पाहिजे. तो साधनवाचक आहे, आणि आपण त्यास ओळखतो. पात्र, नेत्र, अस्त्र, वस्त्र यांच्या शेवटी असलेला ‘त्र’ तो हाच. पिण्याचे साधन ते पात्र, नेण्याचे साधन ते नेत्र. सायक्लोट्रॉनसारख्या यंत्रांच्या नावांना हे शेपूट शोभते, कारण ती साधनेच आहेत. परंतु ‘मेसोट्रॉन’ हा शब्द एखाद्या प्राचीन ग्रीक पंडिताच्या कानी घातला असता, तर त्याला तो कण न वाटता काहीतरी मधोमध आणून ठेवण्याचे अवजार वाटला असता.

या जातीची चूक केवळ परभाषेत होते असे नाही. मराठीत ‘पाश्चात्त्य’ आणि ‘दाक्षिणात्य’ हे शब्द रूढ आहेत. त्यांच्या जोडीला कोणीतरी ‘पौर्वात्य’ बनविला, आणि तो आज वृत्तपत्रांत, पाठ्यपुस्तकांत, सरकारी प्रकाशनांतसुद्धा निर्वेधपणे वावरतो. वस्तुतः पाणिनीने ‘दक्षिणा’, ‘पश्चात्’ आणि ‘पुरस्’ या तीन शब्दांना ‘त्य’ प्रत्यय सांगितला आहे. त्यांतून दाक्षिणात्य, पाश्चात्त्य आणि पौरस्त्य ही रूपे होतात. ‘पाश्चात्त्य’मधील ‘आत्’ हा ‘पश्चात्’चा अंश आहे, ‘दाक्षिणात्य’मधील ‘आ’ हा ‘दक्षिणा’चा. ‘पूर्व’ शब्दात यांपैकी काहीच नाही. दोन शब्दांची शेपटे सारखी दिसली, म्हणून ते शेपूट तिसऱ्याला चिकटविले. ‘पौर्वात्य’ हा आमचा ‘मेसोट्रॉन’ आहे. फरक इतकाच की, त्याचा ‘मेसॉन’ करणारा कोणी वेळेवर भेटला नाही. नवे शब्द घडविताना आपण शब्द परका की स्वकीय, याची जितकी कसून चौकशी करतो, तितकी त्याचा सांधा नीट बसला आहे की नाही याची करीत नाही, असे माझे मत आहे. भाभांना शब्द ग्रीक असण्याबद्दल मुळीच तक्रार नव्हती. त्यांची तक्रार सांध्याबद्दल होती.

आता मूळ ‘मेसो’कडे वळू. ग्रीक ‘मेसोस’, लॅटिन ‘मेदिउस’ आणि संस्कृत ‘मध्य’ हे तिन्ही शब्द एकाच आद्य शब्दापासून निघाले, हे तौलनिक भाषाशास्त्राचे निर्विवाद मत आहे. संस्कृताने त्यातील ‘ध्य’ हे जोडाक्षर जपून ठेवले. ग्रीकांच्या जिभेवर त्याचा ‘स्स’ झाला आणि पुढे नुसता ‘स’ राहिला. आमच्या प्राकृत बोलणाऱ्या पूर्वजांनाही ते जोडाक्षर जडच गेले. त्यांनी ‘मध्य’चे ‘मज्झ’ केले, आणि त्यापासून मराठीत ‘माज’ आले. संध्येची जशी सांज झाली, वंध्येची वांझ झाली, तसेच हे. माज म्हणजे शरीराचा मध्य, कंबर. म्हणून कमरेला बांधावयाचा तो माजपट्टा. आणि घराच्या मधला भाग ते माजघर. शहरांतल्या सदनिकांत माजघर उरले नसले, तरी शब्द अजून सर्वांच्या ओळखीचा आहे. माजघरातला ‘माज’ आणि मेसॉनमधला ‘मेस’ हे दोघे चुलतभाऊ आहेत, असे कोणी म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

नात्याची ही खूण दूरवर पसरलेली आहे. रुमानियन ही लॅटिनपासून निघालेली भाषा. तीत फळाच्या आतल्या गराला ‘म्येझ’ म्हणतात, तोही ‘मेदिउस’चाच वंशज. दुपारचा मध्य आणि दक्षिण दिशा या दोहोंना तेथे ‘म्याझझी’ असा एकच शब्द आहे, कारण त्या उत्तरेकडच्या देशात भर मध्यान्ही सूर्य दक्षिणेलाच असतो. ग्रीक मुळापासून शास्त्रज्ञांनी घडविलेला ‘मेझॉन’ आणि लॅटिन मुळापासून शेतकऱ्यांच्या तोंडी वाढलेला ‘म्येझ’ एकाच भाषेत शेजारी राहतात; आमच्याकडे ‘मध्य’ आणि ‘माज’ राहतात, तसेच.

व्याकरणाच्या दृष्टीने तर भाभांची दुरुस्ती फारच गोड आहे. ग्रीकमध्ये मेसोस, मेसे, मेसॉन अशी या विशेषणाची तीन लिंगांतील रूपे होतात. संस्कृतात मध्यः, मध्या, मध्यम्. मराठीत मधला, मधली, मधले. ‘मेसॉन’ हे काही जोडून तयार केलेले कृत्रिम नाव नसून मूळ विशेषणाचे साधे, घरचे नपुंसकलिंगी रूप आहे. प्रोटॉन म्हणजे ‘पहिले’ आणि मेसॉन म्हणजे ‘मधले’. एक अक्षर काढून टाकल्याबरोबर शब्द आपल्या जागी जाऊन बसला.

पण जगाने तो लगेच स्वीकारला नाही. १९३९ च्या जूनमध्ये शिकागो येथे वैश्विक किरणांवर काम करणाऱ्यांची परिषद भरली. तीत या नावावर चक्क मते घेण्यात आली. ‘मेसॉन’ आणि ‘मेसोट्रॉन’ यांस जवळजवळ समसमान पाठिंबा मिळाला, बाकीची नावे मागे पडली, आणि परिषदेच्या वृत्तान्तात संपादकांनी सामान्यतः ‘मेसोट्रॉन’ हेच रूप ठेवले. फ्रेंच भाषेत ‘मेसॉन’चा उच्चार ‘घर’ या अर्थाच्या शब्दाशी मिळताजुळता होतो, म्हणून काही फ्रेंच शास्त्रज्ञ नाखूश होते, अशीही एक गंमत सांगतात. आमच्या माजघराची ओळख करून दिली असती, तर त्यांची समजूत पडली असती. मिलिकन मात्र अखेरपर्यंत बधले नाहीत. १९४७ मध्ये निघालेल्या त्यांच्या ग्रंथाच्या शीर्षकातही ‘मेसोट्रॉन’ कायम आहे.

आता श्रेयाचा प्रश्न. विज्ञानाच्या लोकप्रिय पुस्तकांत या दुरुस्तीची एक चटकदार कथा आढळते. तिच्यानुसार ‘मेसोट्रॉन’ हे नाव खुद्द युकावांनी ठेवले होते, आणि जर्मन शास्त्रज्ञ व्हेर्नर हायझेनबर्ग यांनी ते दुरुस्त केले, कारण त्यांचे वडील म्युनिक विद्यापीठात ग्रीकचे प्राध्यापक होते. काही सांगणारे तर दुरुस्ती थेट वडिलांच्याच नावावर जमा करतात. कथा वाचावयास छान आहे, पण इतिहासाच्या कसोटीस उतरत नाही. युकावांनी ते नाव ठेवलेच नव्हते; ते कॅलिफोर्नियात ठेवले गेले, हे आपण पाहिलेच. आणि वडील आउगुस्ट हायझेनबर्ग १९३० च्या नोव्हेंबरातच वारले होते. त्या वेळी कण सापडला नव्हता, भाकीतही झाले नव्हते, मग नावातील चूक कोठून दिसणार? चिरंजीवांनी बोलण्याच्या ओघात असे काही म्हटले असल्यास ते नाकारण्याचे मला कारण नाही. पण फेब्रुवारी १९३९ चा छापील कागद भाभांच्या सहीचा आहे. ग्रीक शब्दाची चूक काढणारा माणूस ग्रीक प्राध्यापकाच्या घरातलाच असला पाहिजे, तो मुंबईचा पारशी कसा असेल, अशी काहीशी भावना या कथेच्या मुळाशी असावी. ती बोलून दाखविली जात नाही, पण कथेचा प्रसार तिच्यावरच झाला आहे. दफ्तरात मूळ कागद असताना ऐकीव माहितीवर नोंद करणे आमच्या खात्यात तरी गैर मानतात.

हे पत्र लिहिल्यानंतर काही महिन्यांनी भाभा सुटीसाठी हिंदुस्थानात आले. इतक्यात महायुद्ध पेटले आणि परतीची वाट बंद झाली. त्यांनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रपाठकाचे पद स्वीकारले. तेथे भौतिकीचे प्रमुख चंद्रशेखर वेंकट रामन होते. सर दोराबजी टाटा न्यासाच्या साहाय्याने वैश्विक किरणांच्या संशोधनासाठी तेथे एक स्वतंत्र विभाग भाभांच्या हाताखाली निघाला. योगायोग असा की, १९३९-४० च्या हिवाळ्यात स्वतः मिलिकनही आपल्या सहकाऱ्यांसह वैश्विक किरण मोजण्याची फुगे-यंत्रे घेऊन हिंदुस्थानात आले. पेशावर, आग्रा आणि बंगळूर येथून त्यांनी फुगे सोडले. बंगळूर पृथ्वीच्या चुंबकीय विषुववृत्ताच्या अगदी जवळ असल्यामुळे त्या मोजणीस या शहराचे महत्त्व विशेष होते. ‘ट्र’ घालणारा आणि ‘ट्र’ काढणारा, दोघांच्याही कामाची जागा काही काळ हे एकच शहर होते.

बंगळुरातील वर्षे भाभांना फळली. १९४१ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. तरुण विक्रम साराभाई आणि हरीश-चंद्र हे त्या काळी याच परिसरात काम करीत होते. युद्धामुळे शहरात अमेरिकन हवाई दलाची विमाने होती. त्यांतून उपकरणे नेऊन भाभा व त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे तीस हजार फूट उंचीपर्यंत या कणांची मोजदाद केली. तिचा निबंध १९४५ मध्ये अमेरिकेतल्या ‘फिजिकल रिव्ह्यू’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्याच्या शीर्षकात शब्द आहे ‘मेसॉन’. मिलिकनच्या देशात, अमेरिकन विमानांच्या साहाय्याने केलेल्या कामाच्या वृत्तान्तात, भाभांनी आपलाच शब्द वापरला. त्याच वर्षी टाटा मूलभूत संशोधन संस्था बंगळुरातच सुरू झाली आणि डिसेंबरात मुंबईस गेली.

इकडे शब्द स्थिरावत असताना तिकडे वस्तूच बदलली. १९४७ मध्ये ब्रिस्टल येथे सेसिल पॉवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी छायाचित्रणाच्या काचांवर दाखवून दिले की, मधल्या वजनाचे कण दोन आहेत. युकावांचा खरा कण इलेक्ट्रॉनच्या २७३ पट वजनाचा. तो वातावरणात फार उंचावर जन्मतो आणि लगेच दुसऱ्यात मोडतो. अँडरसन यांना सापडलेला २०७ पट वजनाचा कण हा तो दुसरा. पहिल्यास ‘पाय’ आणि दुसऱ्यास ‘म्यू’ या ग्रीक अक्षरांनी ओळखू लागले. काही काळ दोघेही मेसॉन म्हणविले गेले. पुढे कळून आले की, ‘म्यू’चा अणुगर्भाच्या बलांशी संबंधच नाही, तो केवळ इलेक्ट्रॉनचा जड भाऊ आहे. तेव्हा त्याला मेसॉनांच्या कुळातून काढून टाकण्यात आले आणि ‘म्यूऑन’ हे सुटसुटीत नाव मिळाले. ज्या कणासाठी भाभांनी शब्द शुद्ध केला, त्याच्यापासूनच तो शब्द हिरावला गेला. शब्द मात्र पायच्या आणि त्याच्या भाऊबंदांच्या वाट्यास आला, आणि ते कुळ वाढतच गेले. १९७४ नंतर तर प्रोटॉनच्या तिप्पट, दहापट वजनाचे मेसॉन सापडले. आज मेसॉनची व्याख्या वजनावरून करीतच नाहीत. एक क्वार्क आणि एक प्रतिक्वार्क यांची जोडी तो मेसॉन, असे म्हणतात. ‘मधले’ हा अर्थ नावात राहिला, वस्तूत उरला नाही.

बंगळुरापासून सुमारे शंभर किलोमीटरवर कोलारच्या सोन्याच्या खाणी आहेत. २००१ मध्ये त्या बंद झाल्या. १९५१ पासून टाटा संस्थेचे संशोधक त्या खाणींत उतरून, जमिनीखाली हे भेदक कण कोठवर पोचतात, हे मोजीत होते. खोल खोल जावे, तसे ते विरळ होत जात. अखेर इतक्या खोलीवर पोचल्यावर, की जेथे वरून येणारे कण जवळजवळ संपतात, १९६५ मध्ये आकाशातील न्यूट्रिनोंमुळे तेथल्या खडकातच उत्पन्न झालेल्या कणांची नोंद मिळाली. मुंबई, ओसाका आणि डरहॅम येथील शास्त्रज्ञांचे ते संयुक्त काम होते. वीस वर्षांपूर्वी बंगळूरच्या आकाशात ज्यांना भाभांनी मेसॉन म्हणून मोजले, त्याच जातीचे ते कण. पण कोलारच्या त्या निबंधाच्या शीर्षकात ‘मेसॉन’ नाही, ‘म्यूऑन’ आहे. टाटा संस्थेचे संचालक त्या वेळीही होमी भाभाच होते.